पंधरा मीटरवरची वाघीण आणि ६०० एमएम

ताडोबा, मे महिना, मोहर्ली गेट. मी कॅमेऱ्याच्या लेन्स भाड्याने देतो, त्या दिवशी पाहुण्यांसोबत जिप्सीत होतो. त्यांना सगळ्यात मोठी लेन्स हवी होती, मी ६०० एमएम एफ/४ दिली: लांबचं मोठं दाखवणारी, झूम न होणारी प्राइम लेन्स. एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो. बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, एकच, ७०-२०० ची झूम मागे बॅगेत. चूक इथेच झाली, आणि ती माझी.

पहाटे पाणवठ्यावर वाघीण बसलेली, साधारण ७० मीटरवर. फुल-फ्रेमला (३६ मिमी रुंद सेन्सरच्या कॅमेऱ्याला) या अंतरावर ६०० एमएमची चौकट सव्वाचार मीटर रुंद येते, बसलेल्या वाघिणीला अगदी बेताची. उजेड जेमतेम होता, पण एफ/४ मुळे आयएसओ २५०० वर भागलं (हा आकडा वाढला की फोटो दाणेदार होतो). एफ/६.३ च्या झूमला त्याच शटरस्पीडवर ६४०० लागला असता. या लेन्सचे पैसे वसूल होतात ते अशा अर्ध्या तासात.

मग ती उठली, रस्त्यावर आली आणि सरळ गाडीकडे चालू लागली. १५ मीटरवर तीच चौकट ९० सेंटिमीटर रुंद आणि ६० उंच. तोंड आणि खांदे दिसतात, पंजे कापले जातात. १०० एमएमला हीच रुंदी ५.४ मीटर होते: अख्खी वाघीण, मागचा रस्ता, दोन्हीकडचा बांबू. पाहुण्यांनी लेन्स काढली. तेवढ्यात पुढच्या जिप्सीने रिव्हर्स घेतला, धुळीचा लोट उठला, आणि माउंट, म्हणजे बॉडीचं लेन्स बसवायचं तोंड, उघडं. ७०-२०० चढेस्तोवर वाघीण बांबूत शिरली होती.

ऊन चढल्यावर तळ्याकाठी चितळं, दीडशे मीटरवर. तापलेल्या जमिनीवरची हवा थरथरत होती. शटर १/२००० सेकंद ठेवूनही चितळाचा डोळा धूसरच. टेलिकन्व्हर्टर (लेन्सचा पल्ला वाढवणारा जोड) लावला की प्राण्यासोबत ती थरथरही मोठी होते, म्हणून अशा वेळी लांबचं सोडून जवळचं टिपावं.

आता उन्हाळ्यात एकाच बॉडीवर जाणाऱ्याला मी १००-५०० किंवा १८०-६०० ची झूम देतो, वजन साधारण दोन किलोपर्यंत भागतं. ६०० प्राइमच हवी असेल तर दुसऱ्या बॉडीवर ७०-२०० आधीच चढवून मांडीवर ठेवायची, वरून धुळीसाठी सुती उशीचा अभ्रा. जिप्सीत ट्रायपॉड नको. लेन्स टेकवायची बीनबॅग (कापडी पिशवी) रिकामी न्यावी आणि चंद्रपुरात अडीच किलो तांदूळ भरावेत, पण ठासून नाही. लेन्स टेकवली की खळगा पडला पाहिजे. इंजिन चालू असेल तर बीनबॅगही हलते, त्यामुळे "दादा, गाडी बंद करा" हे कॅमेरा उचलायच्या आधी.

संध्याकाळी एफ/१६ वर कोऱ्या आकाशाचा फोटो काढून सेन्सर तपासला. धुळीचे सात डाग. कॅमेरा तोंड खाली धरून ब्लोअरने (हवेच्या फुग्याने) हवा मारली, पाच गेले. उरलेले दोन ओल्या स्वॅबने (सेन्सर पुसायच्या काडीने) काढावे लागले.