पट्टे गेले, आता नियमाचा मसुदा: लेक फोर्कवरील लाइव्ह सोनारची पुढची नोंद

मंडळी, मागच्या नोंदीत लाइव्ह सोनारच्या (ध्वनिलहरींनी पाण्यातले मासे त्याच क्षणी हलताना दाखवणाऱ्या यंत्राच्या) चित्रात येणाऱ्या ज्या अर्धवर्तुळाकार पट्ट्यांबद्दल मी सविस्तर रडगाणे गायले होते, ते पट्टे पडद्यावरून अखेर गेले आहेत. टेक्सासमधील लेक फोर्क तलावाच्या बुडालेल्या झाडांमध्ये ट्रोलिंग मोटर (नाव हळू नेणारी विजेची मोटर) निम्म्या वेगावर चालू ठेवूनही आता ६० फुटांपर्यंतचे चित्र स्वच्छ दिसते, आणि जो ठिपका मासा आहे की विजेचा गोंधळ हे आजवर ठरवता येत नव्हते, तो आता चक्क शेपटी हलवताना दिसतो. नेमक्या याच सुमारास आमच्या गरवणाऱ्यांच्या क्लबाने पुढील हंगामाच्या स्पर्धांत लाइव्ह सोनारला परवानगी असावी की नसावी, हा प्रश्न मतदानाला ठेवला आहे. नियमाचा मसुदा लिहिण्याचे काम माझ्याकडे आले, कारण माझ्याकडे यंत्र तर आहे, पण ते धड चालत नाही, म्हणून मी दोन्ही पक्षांना तटस्थ वाटलो. यंत्र चालू लागल्याची बातमी मी अद्याप सभेत दिलेली नाही.

आधी पट्ट्यांविषयी. संच कोणत्या कंपनीचा आहे हे जुन्या नोंदी वाचणाऱ्यांना ठाऊक आहेच. दोष संचाचा नव्हता, त्यामुळे नाव पुन्हा घेत नाही. पहिला संशय व्होल्टेजवर होता आणि तो अगदीच निराधार नव्हता. सोनारची काळी पेटी (संकेतांचे चित्र बनवणारा भाग) आणि पडदा मिळून साधारण ४० वॅट खातात, म्हणजे १२.८ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर तीन अँपियरहून थोडा अधिक प्रवाह. नावेबरोबर आलेली वायर १६ गेजची होती (गेजचा आकडा जितका मोठा, तितकी वायर बारीक) आणि बॅटरी मागच्या टोकाला असल्याने १५ फुटांचा पल्ला, जाऊन-येऊन ३०. गणित केले तर एवढ्या वायरीत सुमारे ०.४ व्होल्ट वाटेतच खर्च होतो. १२ गेजची वायर टाकल्यावर हा तोटा ०.१५ व्होल्टवर आला. पडदा थंडीत मधूनच बंद पडत असे, ते थांबले. पट्टे मात्र जागच्या जागी राहिले.

त्यानंतर सोनारची बॅटरी मोटरच्या बॅटरीपासून पूर्णपणे वेगळी केली, दोघांत एकही सामाईक वायर ठेवली नाही, जुना टू-डी साउंडर (नावेखालचे दाखवणारे साधे सोनार) बंद करून पाहिला. तरीही तेच. मग एक गोष्ट ध्यानात आली, जी इथल्या एका वाचकाने पूर्वी सुचवलीही होती: मोटर पूर्ण वेगावर असताना पट्टे दिसत नाहीत, पूर्ण बंद असताना दिसत नाहीत, फक्त मधल्या वेगांवर दिसतात. मधले वेग मिळवण्यासाठी मोटरचा कंट्रोलर प्रवाह सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद करतो. त्या चालू-बंदीचे पडसाद वरच्या कंप्रतांपर्यंत पोहोचतात आणि आपले सोनार ऐकत असते ते साधारण ५०० ते ११०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात. बॅटऱ्या वेगळ्या असूनही गोंधळ येत असेल, तर तो वायरीतून नव्हे, हवेतून येत होता. आणि ट्रान्सड्यूसरची (पाण्यात ध्वनी सोडून पडसाद ऐकणाऱ्या भागाची) केबल तर मोटरच्या दांड्याला, मोटरच्याच जाड केबलला चिकटून, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली होती. हाताने ती चार बोटे दूर धरली आणि पट्टे फिकट झाले.

फेराइटबद्दल (केबलवरचा विजेचा गोंधळ अडवणाऱ्या चुंबकीय मिश्रणाबद्दल) थोडे मत मांडतो, कारण त्यावर इथे बराच पैसा वाया जातो. ऑनलाइन दुकानांतून डझनाच्या पिशवीत मिळणाऱ्या, नुसत्या चिमटा लावायच्या फेराइट कड्या या कामाच्या नाहीत; त्यातील बहुतेकांचे मिश्रण मेगाहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यांसाठी असते आणि आपला त्रास त्याच्या खाली आहे. हॅम (हौशी) रेडिओवाले ७५ क्रमांकाच्या मिश्रणाची मोठी कडी वापरतात, ती घ्यावी आणि केबल तिच्यातून एकदा नव्हे तर चार-पाच वेळा ओवावी, कारण अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. मी ही कडी मोटरच्या वीजकेबलवर चढवली. ट्रान्सड्यूसरच्या केबलला वेढे देऊ नयेत. ती केबल घट्ट वळवली की आतले धागे तुटतात आणि नवी केबल स्वस्त नसते.

कडीने निम्मे काम झाले. उरलेले निम्मे ट्रान्सड्यूसर मोटरवरून काढून स्वतंत्र दांड्यावर, नावेच्या डाव्या कडेला बसवल्यावर झाले. तयार दांडे मिळतात, पण ज्या विक्रेत्याकडून मी मागवला त्याचा शिकंजा इतका ढिला होता की नाव ताशी तीन मैलांवर गेली तरी दांडा थरथरे आणि त्याबरोबर पडद्यावरचे प्रत्येक झाडही. लेथ असलेल्या एका नागपूरकर मित्राने डेलरिनची (कडक प्लॅस्टिकची) बुशी कातून दिली आणि थरथर संपली. या बुशीचे मला झालेले समाधान घरच्यांना समजावून सांगणे अवघड आहे; तुम्हाला ते सांगावे लागणार नाही.

स्वतंत्र दांड्याचा एक फायदा मी आधी धरलाच नव्हता. मोटर जागेवर खिळवून ठेवता येते आणि सोनार हाताने हवे तिकडे फिरवता येते. यंत्राचा झोत पुढे-मागे ऐसपैस असला तरी आडवा केवळ २० अंशांचा असतो. म्हणजे ३० फुटांवर त्याची रुंदी साडेदहा फूट आणि ६० फुटांवर २१ फूट. त्या २१ फुटांत मासा डावीकडे असो वा उजवीकडे, पडदा त्याला एकाच रेषेवर काढतो. झाडाला खेटून असलेला मासा आणि झाडापासून दहा फूट बाजूला, पण तेवढ्याच अंतरावर असलेला मासा, हे दोघे पडद्यावर शेजारी दिसतात. म्हणून आमिष ठिपक्यावर पडले असे वाटते आणि मासा ढिम्म हलत नाही. आता मी दांडा हळूहळू डावीकडे नेतो, मासा कुठे नाहीसा होतो ते पाहतो, मग उजवीकडे नेतो, आणि दोन्हींच्या मधल्या दिशेला आमिष टाकतो. सेटिंगमध्ये भुताटकी झाडे (पडद्यावर उमटणाऱ्या खोट्या प्रतिमा) घालवण्याचा पर्याय असतो, तो फोर्कवर मध्यम ठेवावा. फार वाढवला तर खरी झाडेही पुसली जातात.

या पद्धतीने पहिलाच चांगला मासा २८ फुटांवरून आला. दोन बास (इथले गोड्या पाण्यातले शिकारी मासे) एका उभ्या खोडाच्या वरच्या फांदीशी होते. मी जिग (वजनदार डोक्याच्या गळाचे आमिष) त्यांच्या वर थांबवली, एक वळला, चार फूट वर आला, थबकला, आणि मी रीळ किंचित वेगाने फिरवताच त्याने ती घेतली. पावणेसहा पौंड. तो क्षण मी पडद्यावर पाहिला, तंगुसावर जाणवण्याआधी. गरवण्याच्या इतक्या वर्षांत एवढी मजा क्वचित आली, हे प्रामाणिकपणे नोंदवतो, कारण पुढचे सगळे या मजेच्या विरोधात जाणारे आहे.

क्लबातील बंदीविरोधकांचा आवडता मुद्दा असा, की प्रत्येक नवे यंत्र आले तेव्हा अशीच ओरड झाली. कार्ल लोरन्स यांची मासे शोधणाऱ्या सोनारची हिरवी पेटी १९५० च्या दशकाच्या अखेरीस आली तेव्हाही माशांचे आता काय होणार असे लोक म्हणाले, आणि मासे आहेतच. मला हा मुद्दा अपुरा वाटतो. जुना साउंडर नावेखालून काय गेले ते सांगत असे, साइड इमेजिंगने बाजूला काय आहे ते सांगितले. दोन्ही ठिकाणी मासा काय करेल हा अंदाज माणसाचाच होता. २०१८ मध्ये गार्मिनचे लाइव्हस्कोप आले आणि पाठोपाठ लोरन्स व हमिनबर्ड यांनीही आपापली यंत्रे काढली, तेव्हापासून माशाचा प्रतिसादच पडद्यावर दिसू लागला. आमिष आवडले नाही हे कळायला आता दोन तास लागत नाहीत, दोन सेकंद लागतात. स्पर्धेत जे कौशल्य मोजले जात होते, त्याचा मोठा भाग हा अंदाजच होता.

तरीही निव्वळ वजनांवरून निष्कर्ष काढू नये. फोर्कवरच २०२४ मध्ये ट्रे मॅकिनीने वयाच्या १९ व्या वर्षी १३० पौंड १५ औंस वजन करून बी.ए.एस.एस. या अमेरिकी संघटनेची एलिट स्पर्धा जिंकली, आणि २०२५ मध्ये आमच्या जवळच्या रे रॉबर्ट्स तलावावर ईस्टन फॉदरगिलने ७६ पौंड १५ औंसांवर तिचीच क्लासिक स्पर्धा जिंकली. दोघेही लाइव्ह सोनारच्या पिढीतले, हे खरे. पण टेक्सासचा १८.१८ पौंडांचा विक्रमी बास याच फोर्कवर जानेवारी १९९२ मध्ये क्रॅपी या लहान माशासाठी लावलेल्या मिनोवर (छोट्या माशाच्या आमिषावर) आला होता, आणि ली लिव्हसेने २०२१ मध्ये इथेच पाण्याच्या पृष्ठभागावरच्या आमिषाने अखेरच्या दिवशी ४२ पौंडांहून अधिक वजन केले. तलाव मुळातच श्रीमंत आहे.

मसुद्यासाठी मी बासच्या स्पर्धा घेणाऱ्या मोठ्या अमेरिकी संघटनांचे २०२५ चे नियम समोर ठेवले. नॅशनल प्रोफेशनल फिशिंग लीगने सरळ बंदी घातली. मेजर लीग फिशिंगच्या बास प्रो टूरने दिवसाच्या तीन सत्रांपैकी एकाच सत्रात परवानगी दिली. बी.ए.एस.एस.ने एलिट मालिकेत एकच लाइव्ह ट्रान्सड्यूसर आणि सर्व पडदे मिळून ५५ इंच अशी मर्यादा घातली. शेवटचा नियम आमच्या क्लबाला निरर्थक आहे. ५५ इंचांचे पडदे बसवण्याइतकी जागाही आमच्या नावांत नाही. मला बास प्रो टूरचा नियम सर्वांत न्याय्य वाटला आणि मसुद्याची पहिली प्रत मी त्यावरच लिहिली. अडचण एवढीच, की त्यांच्या प्रत्येक नावेत एक अधिकारी बसलेला असतो आणि आमच्या नावेत बसतो तो स्वतःच स्पर्धक असतो.

हे लिहीत असतानाच दांड्यामुळे एक मार्ग सुचला. स्वतंत्र दांडा वर उचलला की तो दोनशे यार्डांवरूनही दिसतो. मग नियम सत्राचा न करता दांड्याचा करावा: बंदीच्या वेळेत ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर, आडवा, सर्वांना दिसेल असा. ज्यांचा ट्रान्सड्यूसर मोटरच्या दांड्यावर आहे, त्यांना हे जमणार नाही, कारण मोटर पाण्यात लागतेच. त्यांनी काळ्या पेटीचा फ्यूज काढून सकाळी आयोजकाकडे जमा करावा. फ्यूज दिवसभरात परत मिळणार नसल्याने त्यांना दिवसभर सोनारविना राहावे लागेल, हा अन्याय मला दिसतो, पण दांडा हा काही फार मोठा खर्च नाही.

खरी गुंतागुंत माशांच्या जिवाची आहे. खोल पाण्यातून झटकन वर आणलेल्या माशाचे वाताशय फुगते. तो सोडला तरी अनेकदा खाली जाऊ शकत नाही आणि मरतो. टेक्सासच्या वन्यजीव विभागाने हे क्रॅपीबाबत लाइव्ह सोनार येण्याच्या फार आधी ओळखले आहे. फोर्क आणि लेक ओ' द पाइन्स येथे १ डिसेंबर ते फेब्रुवारीअखेर क्रॅपीला किमान लांबीची अट नाही, पण पकडलेली प्रत्येक क्रॅपी ठेवावीच लागते. २५ झाल्या की थांबायचे. लहान सोडून मोठी शोधत बसण्याची वाटच त्यामुळे बंद होते. या नियमात यंत्राचे नाव कुठेही नाही, आणि म्हणूनच तो मला आवडतो. मौजेसाठी गरवणाऱ्यांवर बंधन घालायचे तर ते असे घालावे. कोकणातल्या वाचकांना एलईडी मासेमारीचा वाद आठवेल. केंद्राने २०१७ मध्ये एलईडी दिव्यांवर बंदी घातली ती व्यापारी नौकांच्या प्रचंड उपशामुळे, आणि तो प्रश्न शनिवारी एका जिगने गरवणाऱ्या माणसाच्या प्रश्नाहून वेगळा आहे.

बासच्या स्पर्धेत मात्र आम्ही मासे दिवसभर लाइव्हवेलमध्ये (नावेतल्या पाण्याच्या टाकीत) ठेवतो आणि वजनानंतर सोडतो. लाइव्ह सोनारमुळे २५-३० फुटांवरचे, पूर्वी सहसा कुणी हात न लावलेले मासे आता दिवसभर पकडले जातात. म्हणून मसुद्याच्या दुसऱ्या प्रतीत मी डिसेंबर ते फेब्रुवारी पूर्ण बंदी लिहिली. मग लक्षात आले, की खोलीचा प्रश्न जुलै-ऑगस्टमध्येही तितकाच आहे, किंबहुना गरम पाण्यात मासा आणखी लवकर दगावतो. हिवाळ्यात थंड पाणी निदान त्याच्या मदतीला असते. त्यामुळे तिसरी प्रत अशी झाली: जुलै आणि ऑगस्टमधील स्पर्धांत लाइव्ह सोनार नाही, हिवाळ्यात आणि इतर महिन्यांत सकाळी अकरापर्यंत चालेल, त्यानंतर दांडा वर किंवा, मोटरवर ट्रान्सड्यूसर असेल तर, सकाळपासूनच फ्यूज जमा. सरावाच्या दिवशी कुणालाही बंधन नाही. आमच्या क्लबातील एक ज्येष्ठ सदस्य, जे अजूनही कागदी नकाशा घेऊन येतात, त्यांना सरावातली ही मोकळीक मान्य नाही, कारण सरावात शोधलेली झाडे स्पर्धेत पळून जात नाहीत. त्यांचे म्हणणे खोडून काढता येत नाही, पण सराव तपासणार कोण?

सभेपूर्वी दोन गोष्टी करायच्या आहेत. दांडा पाच फुटांचा आहे, तो वर उचलल्यावर रॉडच्या फेकीला आडवा येतो, म्हणून बिजागरी मागच्या बाजूला सरकवणार आहे. आणि ज्यांच्याकडे २४ व्होल्टच्या, ब्रशलेस मोटरी आहेत त्यांनी पट्टे कोणत्या वेगावर सुरू होतात ते कळवावे; कडी तिथेही पुरते की आणखी वेढे लागतात, हे दोन जणांनी मला विचारले आहे आणि माझी मोटर १२ व्होल्टची आहे.