ओलीवरचे पीक आणि उसाचे कर्ज

एका बँकेच्या ग्रामीण शाखेत मी नोकरी करतो आणि शाखा मंगळवेढा तालुक्यात असल्यामुळे राहतोही इथेच, गावातल्या भाड्याच्या घरात. पुण्या-मुंबईची ओळखीची माणसे 'तिकडे करमते कसे' असे विचारतात, तेव्हा त्यांच्या डोळ्यांसमोर ऊन, धूळ आणि टँकर एवढेच असते. ते सारे इथे आहेच. मात्र कर्जाचा प्रत्येक कागद शेवटी कोणत्या तरी पावसाच्या नक्षत्रापाशी जाऊन थांबतो, अशा गावात काम करणाऱ्याला करमण्याचा प्रश्न फारसा पडत नाही.

सोलापूर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. वर्षाची सरासरी साधारण ५५० मिलिमीटर, आणि त्यातलाही भरवशाचा पाऊस बहुधा सप्टेंबरात, उत्तरा-हस्ताच्या सुमारास पडतो. म्हणून इथली जुनी शेती रब्बीची. पावसाळाभर रान कुळवून मोकळे ठेवायचे, काळ्या मातीला पोटभर पाणी पिऊ द्यायचे आणि मग ज्वारी पेरायची, अशी ही पद्धत आहे. त्यानंतर पाऊस आला नाही तरी चार महिने पीक जमिनीतल्या ओलीवर उभे राहते. माती वाळू लागली की भेगा पडतात आणि त्या भेगांतून उरलेली ओलही उडून जाते. कोळप्याने वरची माती हलवली की भेगा बुजतात, म्हणूनच 'एक कोळपणी म्हणजे अर्धे पाणी' असे इथे म्हणतात. हे शब्द मी कृषी पुस्तिकेतही वाचले होते, पण जानेवारीत बांधावर उभे राहून कोळपलेले आणि न कोळपलेले रान शेजारी शेजारी पाहिले, तेव्हा त्यातला हिशेब कळला. एकीकडे ताटे हिरवी होती, तर दुसरीकडे खालची पाने करपून हात आत जाईल एवढ्या भेगा पडल्या होत्या.

या ज्वारीची ख्याती जुनी आहे. मंगळवेढा म्हणजे ज्वारीचे कोठार, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. रब्बीत सर्वदूर पेरली जाणारी मालदांडी ३५-१ ही जात शेजारच्या मोहोळच्या संशोधन केंद्रात स्थानिक मालदांडीतून निवडून काढलेली आहे आणि मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. एवढा मान असूनही कर्जाच्या फळीवर हे पीक मागेच बसते.

त्याचे कारण आमच्या टेबलावर आहे. पीककर्जाचे एकरी दर जिल्हा पातळीवर ठरतात आणि उसाचा दर ज्वारीच्या कितीतरी पट असतो. शिवाय उसाला केंद्राने ठरवलेला रास्त व किफायतशीर भाव आहे, तो ऊस तुटल्यापासून १४ दिवसांत देण्याचे बंधन कायद्याने कारखान्यावर आहे आणि पैसे बिलातून थेट खात्यावर येतात. १४ दिवस प्रत्यक्षात किती लांबतात हा भाग वेगळा, तरीही वसुलीचा माग दिसतो. ज्वारीला हमीभाव आहे, पण ती निम्मी घरच्या कणगीत जाते, थोडी पाहुण्यांकडे आणि उरलेली अडत्याकडे. एक वयस्कर शेतकरी मला म्हणाले, "साहेब, ऊस म्हटलं की तुम्ही लगेच खुर्ची पुढं करता." त्यांचे म्हणणे खोडून काढण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते.

इथल्या उसाची भिस्त उजनी धरणाच्या कालव्यावर. धरणाचा एकूण साठा ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा, म्हणजे वापरासाठी न धरलेले तळचे पाणी. कोरड्या वर्षी धरण 'उणे'त गेल्याच्या, म्हणजे पाणी मृतसाठ्यात उतरल्याच्या, बातम्या आल्या की कालव्याखालचा ऊस, सोलापूर शहराचे पिण्याचे पाणी आणि कालव्याच्या पाण्याच्या पाळीसाठी भांडणारी गावे सगळी एकाच रांगेत येतात. ज्वारीचा शेतकरी त्या रांगेत नसतो. माझ्या मते या भागाचे खरे शहाणपण कालव्यापेक्षा ओल राखण्यात आहे, परंतु कर्जवाटपाच्या तक्त्यात त्यासाठी रकाना नाही.

ज्वारी मागे पडण्याचे दुसरे कारण काढणी. ताट बुडासकट हाताने उपटावे लागते. फेब्रुवारीच्या उन्हात, तडकलेल्या जमिनीतून, दिवसभर वाकून. तळहाताला फोड येतात. कणसे मोडणे आणि पेंढ्या बांधणे त्यानंतरचे. पूर्वी इर्जिक घालून, म्हणजे गावकऱ्यांनी एकमेकांच्या रानात मिळून राबून, हे उरकत असे, आता उक्ते, म्हणजे ठरावीक रकमेवर, द्यावे लागते आणि मजुरांच्या टोळीची वाट पाहण्यात दाणे गळतात. त्याआधी भोरड्या नावाच्या पक्ष्यांचे थवे उतरतात ते वेगळेच. चिकात आलेल्या कणसांवर शेकड्यांनी बसतात आणि गोफण घेतलेला माणूस एका टोकाला असला की दुसऱ्या टोकाला जातात. पक्षी म्हणून भोरडी सुंदर आहे, हे मी शेतकऱ्यांसमोर बोलत नाही.

तरीही बहुतेक ऊसवाले खातेदार एखाद-दोन एकर ज्वारी ठेवतातच. भाकरीसाठी, असे ते सांगतात. पण चौकशीत खरे कारण गोठ्यातून निघते. जनावराला मालदांडीचा कडबा लागतो, तो विकत घ्यायचा तर पेंढीचा भाव उन्हाळ्यात चढतच जातो, आणि दुधाचा पगार घरात दर दहा दिवसांनी येतो. यंदा एका खातेदाराने गायीच्या कर्जाच्या अर्जासोबत सात-बारा दिला, तेव्हा मी पीकपाहणीत आधी ज्वारी आहे का ते पाहिले आणि मगच उसाकडे वळलो.