तुम्ही विचारलंत म्हणून: गोष्टीचा साचा

"ताई, गोष्टीचा साचा सांगा ना." पंचवटीत दर रविवारी मी कथालेखनाचा छोटा वर्ग घेते. तिथे नवीन आलेलं कुणी ना कुणी पहिल्या अर्ध्या तासातच हे विचारतं. बहुतेकांनी कुठेतरी 'नायकाचा प्रवास' वाचलेला असतो. घर सोडायचं, उंबरठा ओलांडायचा, गुरू भेटायचा, संकटाशी झुंजायचं आणि काहीतरी मिळवून परत यायचं. अमेरिकन अभ्यासक जोसेफ कॅम्पबेल यांनी जगभरच्या पुराणकथा ताडून पाहिल्या आणि १९४९ साली हा आराखडा मांडला. तो खोटा नाही. रामाचा वनवास त्यात बऱ्यापैकी बसतो.

पण मी ऐकलेली पहिली गोष्ट त्यात बसत नाही.

श्रावणी सोमवार असायचा. आजी चातुर्मासाची पोथी उघडायची आणि आम्हा पोरांच्या मुठीत अक्षता द्यायची. कहाणी संपेपर्यंत मूठ उघडायची नाही. "आटपाट नगर होतं." तिथल्या राजाच्या मनात आलं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. दवंडी पिटली, घराघरातलं दूध देवळात आणवलं. वासरं उपाशी राहिली, पोरं रडत राहिली आणि गाभारा काही भरेना. मग दुपारी एक म्हातारी आली. तिनं घरचं कामधाम उरकलं होतं, लेकरांना खाऊपिऊ घातलं होतं, वासरांना पाजलं होतं. उरलेलं खुलभर दूध तिनं महादेवाला वाहिलं आणि गाभारा भरला. तोवर घामानं अक्षता माझ्या तळव्याला चिकटलेल्या असायच्या. आजी "साठा उत्तराची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण" म्हणायची, तेव्हा त्या एकेक करून सोडवाव्या लागायच्या.

आता सांगा, म्हातारीनं कुठला प्रवास केला? घरापासून देवळापर्यंत. तिला गुरू नाही, शत्रू नाही, शस्त्र नाही. मोठा संकल्प, हुकूम, धडपड, सगळं राजाकडे. आराखडा हातात घेऊन नायक शोधायला बसलात तर बोट राजावरच पडेल. म्हातारीच्या वाट्याला फार तर 'वाटेत भेटणारी शहाणी बाई' एवढीच जागा येईल. पण कहाणी तिच्याशिवाय पुढे सरकत नाही.

रशियातले अभ्यासक व्लादिमिर प्रॉप मला यासाठी जवळचे वाटतात. त्यांनी शंभरेक रशियन परीकथा तपासल्या आणि १९२८ साली त्यांतली ३१ कार्यं, म्हणजे गोष्ट पुढे नेणाऱ्या ठरावीक कृती, आणि नायक, खलनायक, मदतनीस अशा सात भूमिका मांडल्या. लोक आकडे पाठ करतात. मला मात्र त्यांचं एक निरीक्षण फार मोलाचं वाटतं. एक भूमिका अनेक पात्रांत वाटली जाऊ शकते आणि एकच पात्र अनेक भूमिकांतून जाऊ शकतं. म्हणजे भूमिका हा पात्राचा स्वभाव नव्हे, त्या घडीला त्यानं केलेलं काम.

याचं उदाहरण आपल्या गावातच आहे. लक्ष्मणानं शूर्पणखेचं नाक कापलं ते तपोवनात, आणि त्या नासिकेवरून नाशिक, असं आपण लहानपणापासून ऐकतो. ती कोण, असं विचारलं की वर्गात एका सुरात उत्तर येतं, "राक्षसी!" मग मी प्रसंग सावकाश वाचायला लावते. ती येते ती मागणं घेऊन. राम तिला लक्ष्मणाकडे पाठवतो, लक्ष्मण पुन्हा रामाकडे. तिची थट्टा होते. ती सीतेवर धावून जाते. नाक-कान गमावते. रक्तबंबाळ होऊन आधी भाऊ खराकडे जाते, पुढे लंकेत रावणासमोर उभी राहते. मागणारी, थट्टेचा विषय झालेली, हल्ला करणारी, जखमी, आणि शेवटी पंचवटीची खबर लंकेपर्यंत नेणारी. एकाच बाईची एवढी कामं. 'खलनायिका' असा शिक्का मारून मोकळं झालात तर यातलं एकच हाती लागतं. एका मुलानं विचारलं होतं, "तिला सरळ नाही का म्हणाले नाहीत?" त्या प्रश्नात अख्खी नवी गोष्ट आहे.

म्हणून कुणी साचा मागितला की मी उलट विचारते: तुमच्या गोष्टीत काय भरत नाहीये, आणि ते कुणाच्या येण्यानं भरेल?

निफाडकडची एक मुलगी वर्गात यायची. घरची द्राक्षबाग. तिच्या पहिल्या खर्ड्यात वडील नायक, कृषितज्ज्ञ गुरू आणि व्यापारी खलनायक. पायऱ्या चोख होत्या, जीव नव्हता. आईच्या वाट्याला एकच वाक्य होतं, "आईने डबा दिला." मी विचारलं, "बागेतली कुठली रात्र आठवते तुला?" ती बराच वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "थंडीची."

दुसऱ्या खर्ड्यात ती रात्र आली. पारा उतरलाय, मण्यांना तडे जाण्याची भीती. आई तीन वाजता उठून वेलींच्या ओळींमधून शेकोट्या पेटवत चालली आहे. धूर बागेवर रेंगाळावा म्हणून त्यांत ओला पालापाचोळा टाकते आहे. उजाडल्यावर ती घरात येते. हात कोपरापर्यंत काळे. ते राखेनं घासून धुते, शेळीच्या करडाला आईकडे सोडते, मुलीसाठी भाकरी थापते, आणि मगच पुन्हा बागेकडे बघायला जाते.

घड वाचले की नाही, ते तिनं अजून लिहिलेलं नाही.