बल्ब अर्धा दबलेला होता

मालवणजवळ देवबागच्या संगमावर, जिथे नदी समुद्राला मिळते, सुकती म्हणजे ओहोटी लागलेली असताना तात्यांची होडी बंद पडली, तेव्हा मी जेवत होतो. फोन आला आणि घास हातातच राहिला. त्याच सकाळी इंजिन दुरुस्त करून मी त्यांना सांगितलं होतं, "तात्यानू, आता बिनघोर जावा."

होडी तात्यांच्या वडिलांची. कित्येक वर्षं माडाखाली उपडी पडलेली. तात्यांच्या मुलाने कुजलेल्या फळ्या बदलल्या, बाहेरून फायबरचा थर दिला, तळाशी ६० लिटरची स्टीलची टाकी बसवली आणि मागे ४० हॉर्सपॉवरचं सेकंडहँड टू-स्ट्रोक इंजिन लावलं. रंग असा सुंदर की बघत राहावं. खाडीत हळू चालवली तर दिवसभर तक्रार नाही. पण फुल थ्रॉटल दिला की दहा-बारा मिनिटांत इंजिन बंद. पाच मिनिटं थांबलं की पहिल्याच दोरीला सुरू.

माझ्याआधी दोघांनी हात घातला होता. आमच्याकडे इंजिन बंद पडलं की पहिला शब्द येतो तो कार्बोरेटर. तीनदा खोलला होता. पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी जेटमध्ये कोणीतरी तार घालून भोक मोठं केलं होतं. अशी कामं बघितली की माझा जीव जळतो. जेट हवेने फुंकायचा असतो, त्याला तार लावायची नसते. प्लग नवे होते, ठिणगी देणारी कॉइलही नवीच. तात्यांचे पैसे मात्र गेले ते गेले.

मी आधी फक्त ऐकलं. तापलेली कॉइल दगा देते तेव्हा इंजिन बटण दाबल्यासारखं खटकन थांबतं. हे तसं नव्हतं. आवाज आधी पडायचा, इंजिन दोन-तीनदा अडखळायचं आणि मग मरायचं. म्हणजे पेट्रोल पोचत नव्हतं. टाकीच्या तळातलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून अर्धा तास ठेवलं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी जास्त झालं की दोन्ही मिळून पेट्रोलपासून फुटून तळाला बसतात. तसा थर नव्हता.

मग इंजिन बंद पडताच पेट्रोलच्या नळीवरचा हातपंपाचा रबरी बल्ब धरला. तो पार चपटा झालेला. बल्ब चपटा म्हणजे अडथळा त्याच्या मागे, टाकीकडे. टाकीचं झाकण सैल केलं तर सूं करून हवा आत गेली. टाकीला हवा घेण्यासाठी बारीक नळी असते. तिचं तोंड होडीच्या कडेला होतं आणि शेडमध्ये काम चालू असताना कुंभारीण माशीने त्यात मातीचं घर केलं होतं. पेट्रोल जाईल तेवढी हवा आत यायला हवी. ती येत नसेल तर टाकीत ओढ तयार होते आणि इंजिनाच्या पंपातल्या पातळ पडद्याचं तिच्यापुढे काही चालत नाही. हळू चालवताना पेट्रोल थोडंच लागतं, म्हणून तेव्हा निभावून जायचं.

तारेने माती काढली, जेटही बदलला. खाडीत वीस मिनिटं अर्ध्याहून थोड्या जास्त थ्रॉटलवर फिरवली. एकदाही थांबली नाही.

"आता मधीच बंद पडाचा नाय ना?" तात्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो.

संध्याकाळी ते, मुलगा आणि दोन पाहुणे निघाले. संगमावर लाटा अंगावर घ्यायला मुलाने फुल थ्रॉटल दिला आणि इंजिन मेलं. पाणी बाहेर ओढत होतं. तात्यांनी वेळीच नांगर टाकला, तो धरला, आणि मागून येणाऱ्या होडीने त्यांना ओढून आणलं. कोणालाही काही झालं नाही. पण त्या नांगराने तळ धरला नसता तर, हा विचार मला रात्री उठवतो.

दुसऱ्या दिवशी मी माझी लाल टाकी आणि माझी पेट्रोलची नळी लावली. फुल थ्रॉटलला अर्धा तास इंजिन छान चाललं. मग टाकी माझीच ठेवून नळी त्यांची लावली. सहाव्या मिनिटाला बंद. नळी बाहेरून नवी दिसत होती, बरोबर तीन सुती, म्हणजे ३/८ इंची. ब्लेडने उभी चिरली तर आतलं अस्तर केळीच्या सोपटासारखं सुटलेलं. ओढ लागली की ते आत मिटायचं, इंजिन थांबलं की परत उघडायचं. इथेनॉलपुढे साध्या रबराची अशीच गत होते. मुलाने बाजारात 'पेट्रोलचा पाइप' म्हणून मिळतो तो घेतला होता. गाद्यांवर हजारो रुपये घालवायचे आणि फळीखाली दिसत नाही तिथे शंभर वाचवायचे, हे मी नव्याने केलेल्या होड्यांत नेहमी बघतो, आणि दर वेळी तेवढाच संताप येतो.

म्हणजे बिघाड दोन होते. दोन्ही एकच लक्षण दाखवत होते आणि दोन्ही मिळून इंजिनाचा गळा आवळत होते. एक काढला तेव्हा दुसरा अर्ध्या थ्रॉटलला गप्प बसला.

अगदी गप्पही नव्हता. त्या सकाळी खाडीतून परतताना मी बल्ब एकदा हातात घेतला होता. तो अर्धा दबलेला होता. बल्ब जुना आहे, असं मी मनात म्हटलं आणि सोडून दिला.

नव्या नळीचे पैसे तात्यांनी न मागता दिले, वर सुंगटं, म्हणजे कोळंबी, पाठवली. बल्बचं मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.