टेस्टोस्टेरॉन कमी आलं, इंजेक्शन घ्यायचं का? तुम्ही विचारलंत म्हणून

"रिपोर्टात टेस्टोस्टेरॉन कमी आलंय, इंजेक्शन सुरू करू का?" असं विचारणाऱ्याला आमचा उलटा प्रश्न असतो: रक्त किती वाजता दिलं?

गावातून पहिली एसटी धरून तालुक्याला यायचं, स्टँडवर तर्री-पोहे खायचे, मग लॅबमध्ये नंबर लावायचा. सुई टोचेपर्यंत बारा वाजतात. टेस्टोस्टेरॉन, म्हणजे पुरुषांचं मुख्य हार्मोन, सकाळी सगळ्यात जास्त असतं आणि दिवस चढतो तसं उतरतं. तरुणांत हा उतार पाव भागापर्यंत जातो, खाल्ल्यावर आणखी थोडा. सकाळी 360 असलेला माणूस दुपारी 280 दाखवू शकतो, आणि त्याच्यावर 'कमी'चा शिक्का बसतो. म्हणून रक्त 7 ते 10 च्या दरम्यान आणि उपाशीपोटी द्या, पाणी चालेल. शक्य असेल तर आदल्या रात्री तालुक्यालाच मुक्काम करा.

रात्रीची लाईन असल्यामुळे हरभऱ्याचं ओलीत करत जागला असाल, तर त्या आठवड्यात तपासणी नकोच. झोपमोडीनेही आकडा पडतो. डेंग्यू, टायफॉइड, ऑपरेशन यांच्यानंतरही तेच. पूर्ण बरं होऊन काही आठवडे जाऊ द्या. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल तर डॉक्टरांना विचारून दोन-तीन दिवस आधी थांबवा, कारण काही यंत्रांवर त्यामुळे आकडा खोटाच जास्त येतो.

मग एकक बघा. एका लॅबचा रिपोर्ट 2.8 म्हणतो, दुसरीचा 280, आणि घरात रडारड. पहिला नॅनोग्रॅम प्रति मिलीलिटर, दुसरा प्रति डेसिलिटर; दोन्ही एकच. साधारण 300 नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली आकडा कमी धरतात, पण तोही दोन वेगवेगळ्या सकाळी कमी यायला हवा, आणि सोबत लक्षणं हवीत. पहिल्यांदा कमी आलेले कितीतरी जण दुसऱ्या वेळी नॉर्मल निघतात.

कामेच्छा मरणं, सकाळची ताठरता बंद होणं, दाढी विरळ होणं, अंडकोष लहान होणं ही खरी लक्षणं. नुसता थकवा असेल तर आधी हिमोग्लोबिन, थायरॉइड आणि झोप बघा. ताठरतेचीच तक्रार असेल तर शुगर, बीपी आणि खिशातला खर्रा (तंबाखू-सुपारी) यांचा हिशोब आधी.

पोट सुटलेल्यांच्या बाबतीत जरा थांबावं लागतं. रक्तातलं बरंचसं टेस्टोस्टेरॉन एसएचबीजी नावाच्या प्रथिनाला चिकटून असतं. लठ्ठपणात आणि मधुमेहात हे प्रथिनच घटतं, त्यामुळे एकूण आकडा कमी दिसतो, पण मोकळं (प्रथिनाला न चिकटलेलं) टेस्टोस्टेरॉन पुरेसं असू शकतं. उतारवयात उलट घडतं: प्रथिन वाढतं, एकूण आकडा बरा दिसतो आणि मोकळं कमी असतं. 300 च्या आसपास घुटमळणाऱ्यांनी एसएचबीजी आणि अल्ब्युमिन (रक्तातलं आणखी एक प्रथिन) यांची तपासणी करून मोकळं टेस्टोस्टेरॉन गणिताने काढून घ्यावं. स्वस्तातली थेट 'फ्री टेस्टोस्टेरॉन' तपासणी भरवशाची नाही.

दोनदा कमी आलं की एलएच आणि एफएसएच करा; मेंदूतल्या पिट्यूटरी ग्रंथीतून अंडकोषाला हुकूम देणारी ही दोन हार्मोन्स. हे दोन्ही वाढलेले असतील तर दोष अंडकोषात: जन्मजात क्लाइनफेल्टर (एक जास्तीचं एक्स गुणसूत्र असणं), गालगुंडानंतरची सूज, जुना मार. कमी किंवा 'नॉर्मल' असतील तर पिट्यूटरीकडे बघायचं. तेव्हा प्रोलॅक्टिन (पिट्यूटरीचंच दुसरं हार्मोन) आणि लोहाची तपासणी, गरज पडली तर एमआरआय. गडचिरोली-चंद्रपूरकडे सिकलसेल बरंच आहे. त्या रुग्णांत टेस्टोस्टेरॉन कमी असणं नवल नाही, आणि वारंवार रक्त चढवून लोह साचलं असेल तर फेरिटिन (साठलेलं लोह दाखवणारी तपासणी) आधी.

आता इंजेक्शन. बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतलं की शरीर एलएच-एफएसएच बंद करतं आणि शुक्रजंतू घटतात, कधी शून्यावर येतात. परत यायला महिने लागतात. मूल हवं असेल तर हे इंजेक्शन नको. आधी वीर्यतपासणी करा आणि एंडोक्रायनोलॉजिस्टला (हार्मोनच्या डॉक्टरांना) भेटा, दुसरे उपाय आहेत. आधीच सुरू असेल तर हिमॅटोक्रिट (रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण) तपासत राहा. 54 टक्क्यांच्या वर गेलं की पुढचा डोस थांबवून डॉक्टरांना दाखवा.