तुम्ही विचारलंत म्हणून : कॅथलिक विद्यापीठातली ‘सर्व्हिस’ म्हणजे नेमकं काय?

अमेरिकेतल्या एखाद्या छोट्या कॅथलिक विद्यापीठाचं प्रवेशपत्र हातात पडलं, की आईवडील हमखास तीन प्रश्न विचारतात. तिथे चर्चमध्ये जावं लागतं का? माहितीपत्रकात पानोपानी ‘सर्व्हिस’ आणि ‘लीडरशिप’ लिहिलेलं असतं, ते आपल्या एनएसएससारखंच का? आणि या सगळ्यात अभ्यासाचं काय होतं? तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकावं म्हटलं.

अमेरिकेत कॅथलिक कॉलेजं आणि विद्यापीठं मिळून दोनशेच्या वर आहेत, आणि सगळी एका मापाची नाहीत. विद्यापीठ कॅथलिकांच्या कोणत्या धर्मसंघाने काढलं, जेझुइटांनी, बेनेडिक्टाइनांनी, फ्रान्सिस्कनांनी की मर्सी सिस्टर्सनी, हे आधी पाहावं. तिथल्या सेवेचा पोत त्यावरून बराचसा ठरतो. बोलणं हवेत राहू नये म्हणून एकच उदाहरण धरून चालू. सेंट बोनाव्हेंचर विद्यापीठ न्यूयॉर्क राज्याच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात आहे. अ‍ॅलेगनी नदीचा काठ, भोवती डोंगर, शेजारी ओलियन नावाचं लहानसं गाव. १८५८ मध्ये इटलीहून आलेल्या फ्रान्सिस्कनांनी ते सुरू केलं. पदवीचे विद्यार्थी दोन हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एका मोठ्या कॉलेजाहूनही कमी. ‘न्यूयॉर्क’ या नावावर जाऊ नका. न्यूयॉर्क शहर तिथून मोटारीने पाच-सहा तासांवर आहे, आणि हिवाळा सगळा बर्फाचा.

चर्चचं उत्तर सोपं आहे. मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जाणं सक्तीचं नाही. कॅथलिक विद्यापीठं कशी असावीत याचा मूळ दस्तऐवज पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९० मध्ये काढला. प्रत्येकाच्या विवेकस्वातंत्र्याचा पूर्ण मान राखावा, असं त्यातच लिहिलेलं आहे. धर्मविद्येचे किंवा संघाच्या परंपरेचे एक-दोन विषय मात्र बहुतेक ठिकाणी सगळ्यांनाच घ्यावे लागतात. ते विषय आहेत, परीक्षा देऊन पास व्हायचे. कुणी श्रद्धा तपासत नाही. मित्रांबरोबर मिस्सेला गेलात तर ख्रिस्तप्रसाद (त्या उपासनेत वाटला जाणारा पवित्र मानलेला भाकर) घ्यायचा नाही, तो कॅथलिकांसाठी असतो. रांगेतून पुढे जायचंच असेल तर दोन्ही हात छातीवर फुलीसारखे धरावेत, फादर फक्त आशीर्वाद देतात. जागेवर बसून राहिलं तरी कुणाला वावगं वाटत नाही. ईस्टरआधीच्या प्रायश्चित्तकाळात शुक्रवारी कॅथलिक मांस खात नाहीत, त्यामुळे त्या दिवसांत शाकाहारी मुलांना मेसमध्ये चार पदार्थ जास्त मिळतात. पण मासे कॅथलिकांना चालतात, हे लक्षात ठेवून सूप कशाचं आहे ते विचारून घ्यावं.

बोनाव्हेंचरमध्ये वेगवेगळ्या संस्कृतींच्या विद्यार्थ्यांसाठी जे केंद्र आहे, त्याचं नाव डॅमिएटा. १२१९ मध्ये, ख्रिस्ती आणि मुस्लिम यांच्यातलं धर्मयुद्ध ऐन भरात असताना, फ्रान्सिस्कन संघाचे संस्थापक संत फ्रान्सिस इजिप्तमधल्या डॅमिएटाजवळ सुलतान अल-कामिल यांना भेटायला गेले होते. त्या भेटीवरून हे नाव. फ्रान्सिस्कनांच्या जागी परधर्मीय मुलाला परकं का वाटू नये, याचं उत्तर मला या एका नावात सापडतं.

आता सेवा. आपल्याकडे एनएसएसचं गणित पाठ असतं. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४०, एक सात दिवसांचं शिबिर, मग प्रमाणपत्र. तिथेही काही विषयांना सेवेचे तास जोडलेले असतात, पण खरं काम त्याच्या बाहेर चालतं आणि ते एखाद्या दुकानासारखं रोजच्या रोज उघडावं लागतं. ओलियनमधलं ‘वॉर्मिंग हाउस’ बघा. बोनाव्हेंचरचे विद्यार्थी १९७४ पासून हे अन्नछत्र चालवतात. विद्यार्थ्यांनी चालवलेलं देशातलं सर्वांत जुनं अन्नछत्र म्हणून त्याची ओळख आहे. ‘विद्यार्थ्यांनी चालवलेलं’ याचा अर्थ नीट समजून घ्या. वाढपी म्हणून चार मुलं बोलावली, फोटो काढले आणि परत पाठवली, असं तिथे नसतं. असं स्वयंपाकघर चालवायचं म्हणजे किराणा, वेळापत्रक, किल्ल्या, स्वच्छता, तापमानाची नोंद हे सगळं एकोणीस-वीस वर्षांच्या मुलांनी सांभाळायचं.

एक साधं सूप घ्या. पन्नास पाहुणे येतील असा अंदाज आहे. एक डाव २४० मिलीचा, म्हणजे एकेका वाढणीलाच १२ लिटर झाले. थंडीत निम्मे लोक दुसऱ्यांदा घेतात, म्हणून १८ लिटर करावं. वाढेपर्यंत ते ६० अंश सेल्सियसच्या खाली जाता कामा नये, आणि हे हात लावून कळत नाही, थर्मामीटर बुडवून बघावं लागतं. इथवर सहसा कुणी चुकत नाही. चूक होते ती उरलेल्या पाच लिटरांत. दमलेली मुलं पातेलं झाकण लावून तसंच फ्रिजमध्ये सरकवतात. बाहेरून पातेलं गार लागतं, पण मधलं सूप कितीतरी तास कोमट राहतं. जंतूंना हवी असते ती नेमकी तीच ऊब. वर शेजारचं दूधही तापतं. बरोबर रीत अशी : सूप उथळ ट्रेमध्ये दोन बोटं खोलीपर्यंतच ओतायचं, ट्रे बर्फाच्या पाण्यात ठेवायचे, झाकण न लावता अधूनमधून ढवळायचं. दोन तासांत ते २१ अंशांपर्यंत उतरलं पाहिजे आणि पुढच्या चार तासांत फ्रिजइतकं गार. मग झाकण, त्यावर चिकटपट्टी, पट्टीवर पदार्थ आणि तारीख. दुसऱ्या दिवशी गरम करताना ७४ अंश गाठायचे. दोन तासांची वेळ पाळली गेली नसेल तर सूप ओतून द्यायचं, कितीही जीव तुटला तरी. उपाशी माणसाला आपण शिळंपाकं देणार नाही, हा निर्णय रात्री आठ वाजता सिंकपाशी उभं राहून घ्यायचा असतो. माझ्या मते लीडरशिपचा पहिला धडा तो.

दुसरं, येणाऱ्यांना ‘पाहुणे’ म्हणायचं. चांगल्या अन्नछत्रात सगळेच स्वयंसेवक काउंटरमागे उभे नसतात. दोन-तीन जण आपलं ताट घेऊन टेबलावर बसतात आणि पाहुण्यांबरोबर जेवतात. नव्या मुलांना हे भांडी घासण्यापेक्षा अवघड जातं. काय बोलायचं, ते सुचत नाही. मग ‘तुम्ही काय काम करता?’ असा प्रश्न तोंडून निघतो आणि समोरचा गप्प होतो, कारण काम सुटलं म्हणूनच तो इथे आलेला असू शकतो. हवापाणी, बास्केटबॉल, आजचं जेवण यावर बोलावं, बाकीचं तो सांगेल तेव्हा सांगेल. फोटो काढायचे नाहीत. संत फ्रान्सिसच्या आयुष्याला वळण मिळालं ते वाटेत भेटलेल्या कुष्ठरोग्याला त्यांनी जवळ घेतलं तेव्हा, असं परंपरा सांगते. फ्रान्सिस्कन सेवेत शेजारी बसण्याला जे मोल आहे ते तिथून आलेलं आहे. न्यूयॉर्कच्या अग्निशमन दलाचे फ्रान्सिस्कन धर्मगुरू फादर मायकल जज २००१ च्या हल्ल्यात वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये जवानांसोबत असतानाच गेले. ते याच विद्यापीठाचे १९५७ चे पदवीधर.

आता कामं अडतात कुठे, ते सांगते. सप्टेंबरमध्ये नोंदणीच्या तक्त्यावर नावांची रीघ लागते. ऑक्टोबरच्या मध्यावर सत्रमध्य परीक्षा आल्या की तीच नावं गळायला लागतात. म्हणून पाच माणसांच्या पाळीला सहा नावं घ्यावीत, सहावं राखीव, आणि परीक्षांचा आठवडा सत्राच्या पहिल्याच दिवशी तक्त्यावर लाल करून ठेवावा. त्याहून मोठी अडचण सुट्ट्यांची. नोव्हेंबरच्या शेवटी थँक्सगिव्हिंगला वसतिगृहं ओस पडतात, डिसेंबरच्या मध्यापासून जवळजवळ महिनाभर तसंच. थंडी कडाक्याची, घरं तापवण्याचं बिल वाढलेलं, म्हणजे लोकांना गरम जेवणाची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच विद्यार्थी घरी. जबाबदार समन्वयक गावातल्या चर्चमंडळातल्या माणसांशी सप्टेंबरातच बोलून ते दिवस वाटून देतो. डिसेंबरात विचारायला गेलात तर उशीर झालेला असतो. भारतातून गेलेली मुलं बहुधा सुट्टीत तिथेच असतात. त्यांनी या दिवसांची जबाबदारी उचलली तर तिचं मोल फार मोठं आहे. फक्त सुट्टीत वसतिगृह उघडं राहतं का आणि मेस चालू असते का, हे आधी विचारून ठेवा.

जायचं कसं, हाही प्रश्न असतोच. गाडी नाही, बस कमी. विद्यापीठाची व्हॅन असते, पण ती कुणालाही चालवू देत नाहीत. चालकाला परवाना लागतो, विद्यापीठाची मंजुरी लागते. गटात मंजुरी असलेला एकच चालक असेल आणि तो आजारी पडला, तर त्या दिवशी सगळं बंद. दोन चालक तरी हवेतच.

लीडरशिपबद्दल पालकांची समजूत अशी असते की निवडणूक लढवायची, अध्यक्ष व्हायचं. छोट्या विद्यापीठात पद त्यापेक्षा सोप्या वाटेने येतं, कारण माणसंच कमी असतात. पहिलं वर्ष भांडी घासा, दर मंगळवारी न चुकता. दुसऱ्या वर्षी त्या पाळीची किल्ली तुमच्याकडे येते. तिसऱ्या वर्षी सगळं वेळापत्रक. परधर्मीय असल्यामुळे अडतं ते फक्त उपासनेतल्या कामांपाशी. ख्रिस्तप्रसाद वाटण्याची सेवा कॅथलिकांचीच असते. अन्नछत्र, पूरग्रस्तांसाठीची पथकं, शिकवणी, विद्यार्थी संसद हे सगळं खुलं.

नवं मंडळ काढायचं तर साधारण सगळीकडे घटना, पदाधिकारी आणि एक प्राध्यापक सल्लागार लागतो. पैसे विद्यार्थ्यांच्याच शुल्कातून, विद्यार्थी संसदेकडून मंजूर होऊन मिळतात. इथे दोन चुका वारंवार होतात. मंजुरीआधी खिशातून खर्च केला, की तो परत मिळत नाही, पावती असली तरी. आणि बस किंवा वाद्यवृंद ठरवताना अध्यक्षाने उत्साहात करारावर सही केली, की गोंधळ होतो, कारण विद्यापीठाच्या वतीने सही करण्याचा अधिकार विद्यार्थ्याला नसतो. दिवाळीचा कार्यक्रम करायला निघालेली आपली मुलं याच दोन ठिकाणी अडकतात. हॉलमध्ये ज्योत लावता येते का, हेही महिनाभर आधी विचारावं. बहुतेक इमारतींत परवानगी मिळत नाही आणि विजेच्या पणत्यांवर भागवावं लागतं.

वसतिगृहातला रेसिडेंट असिस्टंट, म्हणजे आरए, हे आणखी एक पद. खोली फुकट मिळते म्हणून मुलं त्यामागे धावतात. त्याआधी काम समजून घ्या : ठरलेल्या रात्री मजल्यांवर फेऱ्या, घडलेल्या प्रकारांची लेखी नोंद, पहाटे तीनला वाजणारा दरवाजा. मैत्रिणीने लैंगिक छळाबद्दल सांगितलं तर आरएला ते विद्यापीठाला कळवावंच लागतं, ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन देता येत नाही. गुप्तता हवी असेल तर समुपदेशकाकडे जायला सांगावं. हे वाक्य तिने बोलायला सुरुवात करण्याआधी म्हणायचं असतं, नंतर नाही.

व्हिसाचंही सांगून ठेवते. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना आवारात आठवड्याला २० तासांपर्यंतच काम करता येतं, आणि आरएची ड्यूटीही सहसा त्यात धरतात. ‘फेडरल वर्क-स्टडी’ या तिथल्या सरकारी योजनेतल्या समाजसेवेच्या पगारी जागा परदेशी विद्यार्थ्यांना मिळत नाहीत. धर्मादाय संस्थेत विनामोबदला सेवा करता येते, पण जे काम एरवी पगार देऊन करून घेतात ते फुकट करणं अंगाशी येऊ शकतं. शंका आली की आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं.

आणि अभ्यास. १५ क्रेडिट म्हणजे वर्गात सुमारे १५ तास आणि वर्गाबाहेर निदान ३०. आठवड्याचे ४५ तास इथेच गेले. त्यावर सेवेचे तीन तास बसतात, सहाही ओढूनताणून बसतात. पहिल्या सत्रात एकच काम घ्यावं. चार मंडळांत नाव घालून चौघांनाही ऐनवेळी नकार देणारा मुलगा छोट्या आवारात महिन्याभरात सगळ्यांना माहीत होतो. बायोडेटातही तासांची बेरीज लिहू नये. ‘दोन वर्षं, दर मंगळवारी, पाच जणांची पाळी, पन्नास जेवणं’ असं लिहिलं की वाचणाऱ्याला काम दिसतं.

पद सोडण्याची तयारी एप्रिलमध्ये सुरू होते. शेवटचे दोन आठवडे जुना आणि नवा समन्वयक जोडीने पाळी करतात. तेव्हा एक वही हातातून हातात जाते. फ्रीझरची जादा किल्ली कुणाकडे आहे, पाव कोणत्या बेकरीतून कोणत्या वारी येतो, मागच्या दाराची कडी थंडीत कशी सोडवायची, कोणत्या पाहुण्याला मीठ चालत नाही, खिडकीजवळच्या खुर्चीवर रोज कोण बसतं, हे सगळं त्यात असतं. प्रवेश घेण्याआधी विद्यापीठातल्या कुणाशी बोलायची संधी मिळाली, तर अशी वही आहे का आणि ती सध्या कुणाकडे आहे, एवढं जरूर विचारा.