सोळा घरं, सतरावी मात्रा

शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी 'संगीतातल्या वाटचालीवर लिहा' असा निरोप आला. तबला, ढोलकी आणि साईड ऱ्हिदम, म्हणजे जोडीची छोटी तालवाद्यं, हेच आयुष्यभराचं काम. आकाशवाणी, कॅसेटची रेकॉर्डिंग, भावगीतांचे नि भजनांचे कार्यक्रम. लिहायला बसलो तेव्हा जाणवलं, हातात जे आहे ते सगळं कुणीतरी दिलेलं आहे. देणाऱ्यांतले बरेच आता नाहीत. त्यांनी काय दिलं ते शक्य तितकं नेमकं इथे उतरवून ठेवतो. शाळेच्या वाद्यवृंदातल्या मुलामुलींच्या कामी आलं, तर माझा नमस्कार त्यांना पोचला असं मी समजेन.

पहिला मान संगीताच्या बाईंचा. भातखंडे पद्धतीचं स्वरलेखन त्यांनी शाळेतच गिरवून घेतलं. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्रातल्या स्वराखाली टिंब, तारसप्तकातल्यावर टिंब, एका मात्रेतले स्वर खालून कंसाने बांधलेले. तालवाल्याला हे कशाला, असं पुष्कळांना वाटतं. पण स्टुडिओत संगीतकार चाल एकदा-दोनदा गुणगुणतो आणि थोड्या वेळात टेक सुरू होतो. म्युझिकचा तुकडा कोणत्या मात्रेवरून उठतो आणि कुठे कट आहे, हे कागदावर असलं तर तालमीची दुसरी फेरी लागत नाही. रिकाम्या आवर्तनांचा (तालाच्या पूर्ण फेऱ्यांचा) आकडा गोलात लिहायचा आणि त्यापुढे गाणं पुन्हा सुरू होतानाचा पहिला शब्द लिहायचा, ही बाईंची शिकवण. मोजणी चुकली तरी तो शब्द सावरून घेतो.

तिहाईचा, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येण्याचा, हिशेबही त्यांचाच. केरव्याची दोन आवर्तनं म्हणजे १६ मात्रा. पाच मात्रांचा तुकडा तीनदा घ्यायचा, मध्ये एकेक मात्रा रिकामी: ५+१+५+१+५, बेरीज १७. सतरावी मात्रा म्हणजे पुढची सम (आवर्तनाची पहिली मात्रा), आणि शेवटचा 'धा' तिथेच पडायला हवा. नवीन मुलं बेरीज १६ वर आणतात, 'धा' एक मात्रा आधी येतो आणि गायकाचा मुखडा (गाण्याची सुरुवातीची ओळ) अडखळतो. दादऱ्याच्या दोन आवर्तनांत बेरीज १३ हवी. तिथे तीन मात्रांचा तुकडा घ्यावा, मध्ये दोन-दोन रिकाम्या.

तबला खरा कळला तो पुडी, म्हणजे तबल्याच्या तोंडावरचं कातडं, बसवून देणाऱ्या काकांमुळे. व्यासपीठावर त्यांचं नाव कधी घेतलं गेलं नाही, ही खंत आहे. तबल्याला सोळा घरं, म्हणजे काठावर सूर लावायच्या सोळा जागा, आणि पुडी ताणणाऱ्या चामडी वादीखाली आठ लाकडी गट्टे. लाकडी खोड खाली रुंद असतं, म्हणून गट्टा खाली सरकवला की वादी ताणली जाते आणि सूर चढतो. मोठा फरक गट्ट्यांनी काढायचा, बारीक फरक गजऱ्यावर, म्हणजे पुडीच्या कडेच्या गुंफलेल्या वेढ्यावर, हातोडीने. वरून ठोकलं की चढतो, खालून वर ठोकलं की उतरतो. एका घरापासून गोल फिरत सूर लावत गेलं, तर शेवटच्या घरावर येईपर्यंत पहिलं घर हललेलं असतं. म्हणून पहिल्यानंतर समोरचं नववं घर, मग पाचवं, मग तेरावं, आणि नंतर मधली. ठोका गजऱ्यावरच पडला पाहिजे. हातोडी घसरून चाटेवर, म्हणजे पुडीच्या कडेच्या कातडी पट्टीवर, लागली तर पुडी गेलीच.

नागपूरचा उन्हाळा या वाद्याला कठीण. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, कातडं कोरडं पडून आकसतं आणि चढवून ठेवलेली पुडी कपाटात असतानाच फाटू शकते. वाजवून झालं की गट्टे वर सरकवा, हे काका प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावत. पावसाळ्यात कातडं ओल धरतं, सूर टिकत नाही, डग्ग्याची (जोडीतल्या मोठ्या वाद्याची) घूम, म्हणजे घुमणारा खर्जातला नाद, बसते. अशा वेळी वाद्य आचेवर धरणं सगळ्यात वाईट, कारण पुडीवरची काळी शाई तडकून तिचे तुकडे सुटतात. सुती कापडात गुंडाळून कोरड्या खोलीत ठेवावं आणि वेळ द्यावा.

कूलरची गंमत बासरीवाल्या दादांनी उलगडून सांगितली. वाळ्याच्या ताट्यांमधून येणारी हवा दमट असते, त्या खोलीत तबला उतरतो. रेकॉर्डिंगला आवाजामुळे कूलर बंद करावा लागतो, खोली तापते, कोरडी होते आणि तोच तबला चढू लागतो. एसीची खोली आणखी वेगळी. तिथली हवा कोरडी म्हणून तबला चढतो, आणि थंड म्हणून बासरी उतरते. दोन्ही वाद्यं उलट दिशांना जातात! नळीतल्या हवेचं तापमान दहा अंशांनी घटलं तर बासरी अर्धस्वराच्या जवळपास तीन-दशांशाने खाली येते, आणि एवढा फरक कुठल्याही कानाला खुपतो. म्हणून दादा टेकच्या आधी बासरीत हलकी फुंकर घालत तिला ऊब देत बसत, आणि आम्हाला सांगत की वाद्यं खोलीत आणून निदान अर्धा तास झाल्याशिवाय सूर लावायचा नाही. आधी लावलेला सूर म्हणजे वाया गेलेला वेळ.

हार्मोनियमवाल्या भाऊंनी पट्टीचं गणित पक्कं केलं. काळी एकच्या, म्हणजे पेटीच्या सप्तकातली पहिली काळी पट्टी षड्ज (सा) धरणाऱ्या, गायकाला साधारण सव्वापाच इंची तोंडाचा तबला षड्जात सरळ लागतो. गायिका काळी चारमध्ये गात असेल तर तो षड्ज त्या तबल्यावर ओढूनताणून आणू नये. काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एक, तेव्हा तोच तबला मध्यमात लावावा. चालीत मध्यम नसेल, जसा भूप रागात नाही, तर पंचमात, म्हणजे काळी दोनमध्ये. मालकंसात पंचम नाही, तिथे मध्यमच. तबला रागाबाहेरच्या सुरात बोलत असेल तर गायक नकळत अस्वस्थ होतो आणि दोष स्वतःच्या गळ्याला देतो. भाऊंचं हे निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं.

१९४८ साली सुरू झालेल्या आकाशवाणी नागपूर केंद्रावरचे ज्येष्ठ वादक दुसऱ्या अर्थाने गुरू. बी, बी-हाय, ए, टॉप, कोणत्याही श्रेणीचा कलाकार समोर आला तरी ते सारख्याच तयारीने बसत.

रेकॉर्डिस्टचे उपकार वेगळेच. घड्याळ, कडं, अंगठी काढून ठेवायची. कागद टाचणीने जोडायचे नाहीत, स्टँडवर शेजारी-शेजारी पसरायचे, म्हणजे उलटताना खडखड होत नाही. हेडफोनमधला क्लिक (लय दाखवणारा ठोका) मोठा ठेवला तर तो माईकमध्ये झिरपतो आणि गाण्याच्या शांत जागी टकटक ऐकू येते. चुकलेल्या जागी पंच करताना, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा रेकॉर्ड करताना, आधीच्या दोन ओळींपासून सोबत वाजवत यायचं. नेमक्या जागी हात सुरू केला तर वजन बदलतं आणि जोड उघडा पडतो. आणि शेवटचा 'धा' पूर्ण विरेपर्यंत कुणी हलायचं नाही.

सोबतच्या साथीदारांकडून शिकलो ते असं की दोन तालवाद्यं असली की घूम एकाचीच. ढोलकीची घूम चालू असताना डग्गा भरला तर माईकमध्ये नुसता चिखल होतो. दोघांचे ठोके केसभर मागेपुढे झाले तर एकाचे दोन ऐकू येतात, त्यामुळे लय कोणी धरायची हे आधी ठरवायचं आणि दुसऱ्याने त्याच्या खांद्याकडे बघायचं, कारण हाताच्या आधी खांदा हलतो. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या भजनांमुळे आपल्या विदर्भात खंजिरीचे हात गावोगाव तयार आहेत. खंजिरीवाल्याला मात्र माईकपासून चार-पाच हात लांब आणि तिरकं बसवायचं, नाहीतर झांजा सगळ्यांवर चढतात.

आता शाळेच्या संगीतवर्गातल्या तबला-डग्ग्याच्या जोडीबद्दल. स्नेहसंमेलनासाठी तिची पुडी बदलायची असेल तर महिनाभर आधी माझ्याकडे पाठवा. नव्या पुडीचा ताण बसायला निदान आठ-दहा दिवस रोज वाजवावं लागतं, आणि संमेलनाच्या थंड रात्री उघड्या मंडपात दव पडतं. आपला कार्यक्रम येईपर्यंत जोडी दुलईत गुंडाळून ठेवा, रंगमंचावर दिव्यांखाली थोडी थांबू द्या, आणि मगच हातोडी हातात घ्या.